भागता भागेना

एक संख्या सांगतो. म्हणजे सगळी नाही, ती सांगून होणारच नाही. पहिले पाच अंक सांगतो: ८, ८, १, ६, ९. आणि शेवटचे दोन: ५ आणि १. मधले ४,१०,२४,३१३ अंक तेवढे राहिले. ते म्हणायला बसायचं ठरवलं, सेकंदाला एक अंक या वेगाने, जेवणखाण, झोप, चहा सगळं बाजूला ठेवून, तर एक वर्ष आणि वर जवळजवळ एकशे दहा दिवस लागतील. या गणपतीत सुरुवात केली, की पुढच्या वर्षीचे गणपती येऊन विसर्जनही होऊन जाईल, दिवाळीचा फराळ संपेल, आणि नाताळच्या सुमारास आपण घोगऱ्या आवाजात 'पाच, एक' म्हणून पाणी पिऊ.

एकूण अंक ४,१०,२४,३२०. चार कोटी दहा लाख! आणि एवढी अगडबंब संख्या कशानेही भागली जात नाही. २ ने नाही, ३ ने नाही, हजाराने नाही, हजार कोटीने नाही. १ आणि ती स्वतः, एवढेच तिचे विभाजक. म्हणजे आपल्या ५, ७, ११, १३ च्या जातकुळीतली ती मूळ संख्या आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सापडली, आणि आजवर माणसाला माहीत झालेल्या मूळ संख्यांत ती सगळ्यांत मोठी ठरली. तिच्याआधीचा विक्रम डिसेंबर २०१८ मध्ये सापडलेल्या २,४८,६२,०४८ अंकी संख्येचा होता. नव्या पाहुणीने तो एका उडीत एक कोटी साठ लाखांहून जास्त अंकांनी मोडला.

तिची ओळख मात्र बसच्या तिकिटामागे लिहिता येईल इतकी छोटी आहे: २ ला २ ने गुणत जा, असे एकूण १३,६२,७९,८४१ दोन घ्या, आणि आलेल्या गुणाकारातून १ वजा करा. संपलं.

बुद्धिबळ शोधून काढणाऱ्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. राजा हसून 'हो' म्हणतो आणि कोठारं रिकामी होतात. चौसष्ट घरांची बेरीज येते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे. तांदळाचा दाणा २५ मिलिग्रॅमचा धरला, तर सगळ्या भारताने आजच्या उत्पादनाने पिकवत राहिलं तरी तीन हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. ही बेरीज म्हणजे २ चा ६४ वा घात, वजा १. आपली संख्याही नेमक्या त्याच साच्यातली आहे. फक्त पटाला ६४ घरं नाहीत, १३,६२,७९,८४१ घरं आहेत.

केवढा होईल हा पट? घर पाच सेंटिमीटरचं धरू, म्हणजे सोंगटी नीट उभी राहील. पट पसरेल ८४ एकरांवर. दादरचं शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचं; तशी तीन मैदानं एकाला एक जोडून लागतील. आणि लक्षात घ्या, चौसष्टाव्या घरालाच देशाची तीन हजार वर्षांची पिकं संपली होती. चौसष्ट घरं म्हणजे जेमतेम एक पाट मांडायची जागा. उरलेल्या मैदानभर प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट!

इथे एक गंमत आहे. हा पट चौरस करता येतच नाही. लांबट, आयताकृतीही नाही. दोन ओळींत मांडा, एक घर उरतं. तीन ओळींत मांडा, दोन उरतात. कशाही ओळी करा, काहीतरी उरतंच, कारण १३,६२,७९,८४१ ही घरांची संख्या स्वतःच मूळ आहे. मांडायचाच तर एका सरळ ओळीत मांडावा लागेल, आणि ती ओळ ६,८१४ किलोमीटर लांब जाईल. आपल्या देशातली सगळ्यांत लांब पल्ल्याची गाडी, दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्स्प्रेस, चार हजारांहून थोडे जास्त किलोमीटर धावते. ती गाडी कन्याकुमारीला पोचून परत फिरली आणि निम्म्याहून जास्त वाट मागे आली, की आपली ओळ संपते.

घरांची संख्या मूळ असणं हा योगायोगही नव्हे. ती तशी नसती तर सगळा खेळ आधीच मोडला असता. बारा घरांचा पट घ्या. बेरीज ४,०९५. बारा म्हणजे तीन-तीनचे चार गट. तीन घरांची बेरीज १+२+४ म्हणजे ७. आणि ७ ने ४,०९५ ला नि:शेष भाग जातो, ५८५ वेळा. घरांचे सारखे गट पडले की दाण्यांचेही सारखे वाटे पडतात. म्हणून घरांची संख्या अशी हवी की तिचे गटच पडू नयेत. पण तेवढ्यानेही भागत नाही! अकरा ही मूळ संख्या. अकरा घरांची बेरीज २,०४७. आणि ती निघते २३ गुणिले ८९. झाला की घात. या साच्यातल्या मूळ संख्या इतक्या दुर्मीळ आहेत, की दोन हजारांहून जास्त वर्षांच्या शोधात माणसाला सापडल्या फक्त ५२. बावन्न पत्त्यांचा एक कॅट पुरा झाला, तो या शेवटच्या पत्त्याने.

आता ही संख्या लिहायला घेऊ. शाळेतली गणिताची चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एक अंक, चौकट एक सेंटिमीटरची. पानावर चारशे चौकटी धरल्या तर दोनशे पानी वह्या लागतील पाचशे तेरा. वह्यांनी अंदाज येत नसेल तर सगळ्या चौकटी कापून एका ओळीत चिकटवू आणि पट्टी रुळांच्या कडेने अंथरत जाऊ. सीएसएमटीहून सुरुवात. कल्याण गेलं, कर्जत गेलं, खंडाळ्याचा घाट चढलो, लोणावळा, पुणे स्टेशन: १९२ किलोमीटर झाले आणि पट्टीचा गठ्ठा निम्माही उलगडलेला नाही. पुण्याहून परत फिरू, घाट उतरू, पुन्हा सीएसएमटी: ३८४ किलोमीटर. अजून पट्टी उरलीच आहे. परत पुण्याच्या दिशेने निघायचं, आणि ठाणं यायच्या आधीच शेवटचा '१' चिकटवायचा. ४१० किलोमीटर!

थांबा, हुरळून जाऊ नका. ही संख्येची नुसती लांबी झाली. संख्या केवढी आहे ते अजून पाहिलेलंच नाही. पट्टीवर एक चौकट पुढे सरकलं की संख्या दसपट होते, हे ध्यानात ठेवून सीएसएमटीच्या फलाटावर पट्टीच्या सुरुवातीला उभे राहू आणि आपल्याला माहीत असलेल्या मोठ्या मोठ्या गोष्टी एकेक करून मोजू.

महाराष्ट्र सरकारचा वर्षाचा अर्थसंकल्प, सुमारे सात लाख कोटी रुपये: तेरा अंक. पट्टीवर तेरा सेंटिमीटर. एक वीतसुद्धा झाली नाही.

वीस फूट व्यासाची, पन्नास फूट खोल विहीर घ्या आणि काठोकाठ ज्वारीने भरा. दाणे भरतील हजार-अकराशे कोटी. अंक अकरा. विहीर कसली घेता, अख्खी पृथ्वी पोकळ करा, डोंगर-समुद्रांसकट, आणि तिच्यात ज्वारी भरा. अंक एकोणतीस. शाळेच्या फूटपट्टीत मावले.

बरं, पृथ्वी लहान वाटते? विश्वातले सगळे अणू मोजा. सूर्य, तारे, आकाशगंगा, दुर्बिणीला दिसू शकणारं सगळं विश्व. शास्त्रज्ञांचा अंदाज आहे १ वर ऐंशी शून्यं. पट्टीवर एक्याऐंशी सेंटिमीटर. विश्व संपलं, आणि आपण फलाटावरून एक पाऊलही टाकलं नाही! तेच विश्व आता एक मोठी कणगी समजा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ज्वारीने गच्च भरा. अठ्ठ्याऐंशी अंक. अणूंपेक्षा सात सेंटिमीटर पुढे. आणखी बारीक दाणे घेऊ या का? भौतिकशास्त्रात प्लांकची लांबी म्हणून एक माप आहे. त्याच्या खाली लांबीला अर्थच उरत नाही म्हणतात. कसा ते त्या शास्त्रज्ञांनाच ठाऊक, आपण विश्वास ठेवू. त्या मापाचे घन करून सगळं विश्व भरलं तर आकडा जातो १८५ अंकांच्या आसपास. पट्टीवर दोन मीटरच्या आत. याच्यापुढे भौतिकशास्त्राकडे भरायला काही उरत नाही. पट्टी मात्र पुढे ४१० किलोमीटर पडलेली आहे, आणि प्रत्येक सेंटिमीटरला दसपट, दसपट, दसपट!

मग या संख्येला गाठेल असं जगात काहीच नाही का? आहे, आणि तेही त्याच सीएसएमटीच्या फलाटावर. वस्तू मोजून ही संख्या गाठता येत नाही, पण वस्तूंचे क्रम मोजून येते.

तिघांना रांगेत उभं करायचे प्रकार सहा. दहा जणांना रांगेत लावायचे प्रकार एकदम ३६,२८,८००. पत्त्यांचा कॅट पिसला की बावन्न पानांचे जेवढे क्रम लागू शकतात, तो आकडा अडुसष्ट अंकी. आता मुंबईच्या लोकलने एका दिवसात प्रवास करणारी माणसं घ्या. ती सत्तर लाखांच्या आसपास असतात. त्या सगळ्यांना बोरिवली, विरार, डोंबिवली, पनवेल असा भेद न करता एकाच तिकीट खिडकीसमोर एका रांगेत उभं करा. 'ओ काका, लाइनीत या' असं म्हणत किती वेगवेगळ्या प्रकारे ही रांग लागू शकेल? मी गणित करून पाहिलं. सगळे सत्तर लाख लागतच नाहीत. साधारण ६४ लाख ३६ हजार माणसं रांगेत आली, की त्या रांगेच्या संभाव्य क्रमांची संख्या आपल्या संख्येला गाठते. अख्ख्या विश्वाला जे जमलं नाही, ते मुंबईच्या लोकलच्या गर्दीने एका दिवसात करून दाखवलं, आणि वर पाच लाख माणसं राखीव!

मोठेपणाचं झालं. पण नुसती मोठी संख्या कोणीही बनवेल. आपल्या संख्येत १ मिळवला की तिच्याहून मोठी संख्या तयार. नवल आहे ते तिच्या न भागण्याचं. समजा इतके रुपये एखाद्या घराण्यात आले आणि वाटणी करायची आहे. दोन भावांत? एक रुपया उरतो. तीन भावांत? एक रुपया उरतो. सात? तीन रुपये उरतात. अकरा? पुन्हा एक. एकशे चाळीस कोटी देशवासीयांत? उरतातच. कितीही वारस आणा, प्रत्येकी एकच रुपया देण्याइतके वारस येईपर्यंत वाटणी कधीच सरळ होणार नाही. भाऊबंदकीला एवढं कायमचं खाद्य दुसरं कुठलं मिळेल असं वाटत नाही.

त्या सातच्या बाकीवरून एक उपयोग सुचतो. आठवड्याचे वार सात. म्हणजे आज सोमवार असेल, तर या संख्येइतक्या दिवसांनी गुरुवार येईल. पक्कं. तेव्हा सूर्य नसेल, पृथ्वी नसेल, पण वार गुरुवार. आणि चार कोटी दहा लाख अंकांची बेरीज करायची, आलेल्या उत्तरातल्या अंकांची पुन्हा बेरीज करायची, एकच अंक उरेपर्यंत करत राहायचं, तर शेवटी उरेल ४. संख्या न लिहिता, तिचे मधले अंक न पाहता हे कागदाच्या कपट्यावर काढता येतं, कारण २ चे घात बाक्यांच्या बाबतीत कोलूच्या बैलासारखे गोल गोल फिरतात.

पण बाकी शून्य येतच नाही, हे कसं सिद्ध करायचं? एकेका संख्येने भागून पाहायचं म्हटलं तर निदान वर्गमुळापर्यंत जावं लागेल, आणि हे वर्गमूळच दोन कोटी पाच लाख अंकी आहे. तितके भागाकार! विश्वातल्या प्रत्येक अणूचा संगणक केला तरी पट्टीवर दोन मीटरही पुढे सरकणार नाही.

या साच्यातल्या संख्यांना मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूचं नाव आहे. त्याने १६४४ मध्ये अशा संख्यांची यादी दिली, आणि तीत २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ म्हणून घातली: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. अवघे एकवीस अंक, आपल्या पट्टीवर वीतभर. तिला फोडायला १९०३ साल उजाडलं. अमेरिकेतल्या फ्रँक नेल्सन कोलने दाखवून दिलं की ती १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ आहे. असं सांगतात, की हे अवयव शोधायला त्याचे तीन वर्षांचे रविवार गेले, आणि गणितज्ञांच्या सभेत त्याने तोंडातून शब्द न काढता फळ्यावर नुसता गुणाकार करून दाखवला. वीतभर संख्येला तीन वर्षांचे रविवार. चारशे किलोमीटर लांबीच्या संख्येला काय लावणार!

सुदैवाने मर्सेनच्या साच्यासाठी एक आडवाट आहे. फ्रान्सच्या एद्वार ल्यूकाने ती एकोणिसाव्या शतकात शोधली आणि अमेरिकेच्या डी. एच. लेमरने १९३० मध्ये घासूनपुसून नीट केली. ती का चालते यात मी शिरत नाही. चालते एवढं खरं. २ चा सातवा घात वजा १, म्हणजे १२७, घेऊ. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा, आणि त्या बाकीवर पुन्हा तेच. ४ चा वर्ग १६, वजा २, आले १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, बाकी ६७. ६७ पासून ४,४८७, बाकी ४२. ४२ पासून १,७६२, बाकी १११. आणि १११ चा वर्ग १२,३२१, वजा २, १२,३१९. म्हणजे बरोबर ९७ गुणिले १२७. बाकी शून्य! पाच फेऱ्या, घातांक सातपेक्षा दोन कमी, आणि शेवटी शून्य आलं म्हणून १२७ मूळ. भागून बघावं लागलंच नाही.

वाटेत भेटलेला तो १२,३२१ ओळखीचा वाटला का? १११ चा वर्ग १२,३२१. १,१११ चा वर्ग १२,३४,३२१. चढून पुन्हा उतरणाऱ्या या जातीच्या संख्यांना देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी 'डेम्लो संख्या' असं नाव दिलं. डेम्लो म्हणजे जी.आय.पी. रेल्वेवरचं स्टेशन, आजचं डोंबिवली. तिथे त्यांना या संख्या सुचल्या. लोकलची वाट पाहत असताना लोक घड्याळाकडे बघतात, कापरेकरांनी संख्यांकडे पाहिलं. आणि आपली राक्षसी संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत लिहिली तर ती निव्वळ १११११११ अशीच दिसते, १३,६२,७९,८४१ एक्के ओळीने. रेल्वेचा एकेक डबा समजून जोडले तर ही गाडी चंद्रापर्यंत आठ वेळा पोचेल.

तर १२७ ला पाच फेऱ्या लागल्या. आपल्या संख्येला लागतात १३,६२,७९,८३९ फेऱ्या. आणि प्रत्येक फेरीत चार कोटी दहा लाख अंकांच्या संख्येचा वर्ग! शाळेत शिकवतात तसा हातचे घेऊन गुणाकार करायचा, सेकंदाला एक अंकी गुणाकार उरकायचा, तर एकट्या माणसाला हे काम विश्वाच्या आजच्या वयाच्या पाच लाख पट पुरेल. एकट्याला कशाला छळायचं, सगळ्या भारताला बसवू; एकशे चाळीस कोटी माणसं, तान्ह्या बाळांपासून आजोबांपर्यंत, रात्रंदिवस, सुट्टी नाही. बावन्न लाख वर्षं! ल्यूकाने १८७६ मध्ये याच जातीच्या आडवाटेने एकोणचाळीस अंकी संख्या हाताने हिशेब करून मूळ ठरवली, आणि तो विक्रम १९५१ पर्यंत, पाऊणशे वर्षं, टिकला. हाताने एवढंच झेपतं.

यंत्रांनाही हे झेपतं ते गुणाकाराच्या फार चलाख रीतींमुळे. 'ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च' नावाचा उद्योग जॉर्ज वोल्टमनने १९९६ मध्ये सुरू केला. जगभरच्या हौशी लोकांनी आपले घरचे संगणक रिकाम्या वेळात या कामाला जुंपायचे, अशी ती योजना. २८ वर्षं साध्या संगणकांनीच तिथे राज्य केलं. मग आला सॅन होजेचा छत्तीस वर्षांचा ल्यूक ड्युरांट. त्याने संगणकातली चित्रं रंगवणारी ग्राफिक्सची यंत्रं कामाला लावली, तीही १७ देशांत पसरलेली. ११ ऑक्टोबर २०२४ ला डब्लिनमधल्या एका यंत्राने 'ही मूळ दिसते आहे' असं कळवलं. दुसऱ्याच दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या यंत्राने ल्यूका-लेमरच्या सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या. शेवटी बाकी शून्य! २१ तारखेला जगाला बातमी.

बक्षीस? तीन हजार डॉलर. तेव्हाच्या दराने अडीच लाख रुपये. अंकांवर वाटले तर एका अंकाला एक पैसाही पडत नाही. हा माणूस ते पैसेही एका शाळेला देणार होता. आणि एवढ्या थोराड संख्येला साठवायला लागतं किती? सतरा एमबी. सकाळी सकाळी येणाऱ्या दोन-तीन 'शुभ प्रभात' व्हिडिओंच्या जागेत ती बसते, आणि निदान ती कोणाला दहा जणांना पाठवा म्हणत नाही.

तिच्यामागून तिच्याहून थोरली एक संख्या आपोआप चालत आली, तीही पाहून घ्या. ६ चे स्वतःखेरीज विभाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. अशा संख्या परिपूर्ण. युक्लिडने दाखवलं, की मर्सेनच्या साच्यातली प्रत्येक मूळ संख्या एक परिपूर्ण संख्या पदरात टाकते. आपल्या संख्येने टाकलेली परिपूर्ण संख्या ८,२०,४८,६४० अंकी आहे. पट्टी थेट दुप्पट: मुंबई-पुणे-मुंबई दोनदा, आणि वर कल्याणच्या उंबरठ्यापर्यंत. तिचे स्वतःखेरीज सगळे विभाजक गोळा करून मिळवले की बेरीज पुन्हा तीच, एका रुपयाचाही फरक नाही. बँकेच्या पासबुकातही एवढा मेळ बसत नाही.

आणि तरीही 'सगळ्यांत मोठी मूळ संख्या' म्हटलं की आपण शिखरावर चढलो असं वाटतं, तेवढं मात्र मनातून काढून टाका. शिखरच नाही, मूळ संख्या अनंत आहेत, हेही युक्लिडनेच दाखवून ठेवलं आहे. वरचं राहू द्या, खाली बघा. आपल्या संख्येच्या खाली, तिच्याहून लहान अशा किती मूळ संख्या असतील? तिच्या आसपासच्या प्रदेशात सरासरी ९ कोटी ४४ लाख संख्या ओलांडाव्या तेव्हा एक मूळ संख्या भेटते. इतका रखरखाट! साहजिकच वाटतं की एकूण आकडा बराच आटत असेल. आटतो, नेमके आठ अंक. ४,१०,२४,३२० ऐवजी ४,१०,२४,३१२. चारशे दहा किलोमीटरच्या पट्टीतून फक्त आठ सेंटिमीटर कापले गेले!

म्हणजे आपल्या संख्येच्या खाली न पाहिलेल्या, न शोधलेल्या, नाव-गाव नसलेल्या मूळ संख्यांची गर्दी अशी, की विश्वातल्या प्रत्येक अणूने आपापली एकेक मूळ संख्या लक्षात ठेवली तरी त्या फलाटावरच्या एक्याऐंशी सेंटिमीटरात संपतील. प्रत्येक अणूच्या पोटात आणखी एक विश्व घातलं आणि त्यातल्याही प्रत्येक अणूला एकेक दिली तरी दीड-पावणेदोन मीटर होईल. आणि हे विश्वात विश्व घालणं लाख वेळा केलं, तरी पट्टी ऐंशी किलोमीटरवर, नेरळच्या जरा अलीकडे कुठेतरी असेल. घाट चढायचा, पुणे गाठायचं, परत यायचं, सगळं बाकी!

शोध थांबलेला नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने दहा कोटी अंकी मूळ संख्येला दीड लाख डॉलर आणि शंभर कोटी अंकी संख्येला अडीच लाख डॉलर लावून ठेवले आहेत. शंभर कोटी अंक म्हणजे आपल्या चौकटीच्या वहीत दहा हजार किलोमीटर, मुंबई-पुण्याच्या सव्वीस फेऱ्या. ती मर्सेनच्या वाटेने गाठायची तर पटाला ३३२ कोटी १९ लाखांहून जास्त घरं लागतील, आणि घरांची ती संख्याही आधी मूळ असायला हवी.